ऑटिझमची जेनेटिक टेस्ट करायची म्हणताय? आधी माहेरचं झाड काढा

मुलाला ऑटिझम आहे असं एकदा कागदावर आलं की महिन्याभरात कोणीतरी म्हणतंच, "एकदा जेनेटिक करून घ्या ना." थेरपी सेंटरच्या बाकावर शेजारी बसलेली आई म्हणते, पुण्याचा चुलतदीर म्हणतो, कधी डॉक्टर स्वतःच औषधांच्या खाली एक ओळ लिहून देतात आणि पुढचं काही सांगत नाहीत. माझ्या लेकाचं निदान तो तीन वर्षांचा असताना झालं, आता तो आठचा आहे, आणि मधल्या काळात इथे नाशिकला इंदिरानगर-सिडकोकडच्या इतक्या आयांनी मला विचारलंय की करू का, कोणती करू, रिपोर्ट आलाय पण वाचून काही कळेना, की शेवटी एकदाचं सगळं नीट लिहायला बसले. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. पण ह्या विषयात आम्ही दोघांनी खूप वेळ आणि पैसा घातलाय आणि त्यातला बराचसा चुकीच्या क्रमाने घातलाय, तो क्रम तुमचा तरी चुकू नये.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की ऑटिझम आहे का नाही हे रक्तातून ठरत नाही. ते मुलाला बघून, त्याच्याशी खेळून, आईबापाला विचारून ठरतं. जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली म्हणून ऑटिझम नाही असं होत नाही. अपंगत्वाच्या सर्टिफिकेटला, यूडीआयडी कार्डाला (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) जेनेटिक रिपोर्ट लागत नाही, तिथे आयएसएए नावाच्या भारतीय स्केलवर मुलाला तपासतात (ऑटिझम २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे सर्टिफिकेट मागायला लाजू नका). आणि रिपोर्ट येईपर्यंत स्पीच थेरपी आणि ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, थांबवू नका, एक दिवससुद्धा. आम्ही टेस्टसाठी पैसे साठवायचे म्हणून दोन महिने थेरपी कमी केली होती, ते आजही मला खुपतं.

मग टेस्ट करायची कशाला? मला तीन कारणं खरी वाटतात. एक म्हणजे काही जेनेटिक कारणं अशी असतात की ती सापडली तर मुलाच्या बाकीच्या शरीराची काळजी वेळेवर घेता येते. ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार असेल तर फिट्स, किडनी, हृदय, डोळे ह्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, पीटीईएन नावाच्या जीनमधे (जीन म्हणजे शरीर कसं घडवायचं त्या माहितीचा एक तुकडा) बिघाड असेल तर पुढे काही कॅन्सरची तपासणी लवकर सुरू करावी लागते, एससीएन२ए ह्या जीनमधे बदल असेल तर फिट्सचं कोणतं औषध चालेल आणि कोणतं उलटं पडेल हे त्या बदलावर ठरतं. दुसरं कारण, पुढचं मूल हवं असेल तर. आणि तिसरं, जे कुठल्याच फॉर्मवर छापलेलं नसतं, ते म्हणजे घरात आईला दिला जाणारा दोष. ह्यावर मी जरा थांबणार आहे कारण माझ्या ओळखीतल्या निम्म्या आया मुळात त्यासाठीच टेस्ट करतात.

आमच्याकडे कोणी म्हणालं ग्रहणात बाहेर पडली होती, कोणी म्हणालं नोकरी केली, मूल मोबाईलवर वाढलं, कोणी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या म्हणालं. पूजा ज्याच्या त्याच्या श्रद्धेची गोष्ट आहे, मनाला बरं वाटत असेल तर करा, पण आई म्हणून तुम्ही काही चुकलात हे डोक्यातून काढून टाका, कारण ह्या प्रश्नाचा शोध चांगला पन्नास वर्षं चाललाय आणि त्यातून काय निघालं ते स्पष्ट आहे. एकेकाळी मोठमोठे डॉक्टर म्हणायचे की आई थंड असते, जीव लावत नाही म्हणून मूल असं होतं. मग १९७७ साली लंडनच्या फोलस्टीन आणि रटर ह्या दोघांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, आणि वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत दोघांना नव्हता. आई तीच, घर तेच, दूध तेच, फरक एवढाच की एकसारख्या जुळ्यांचे जीन्स सारखे असतात. आकडे लहान होते पण रोख कळला, आणि पुढे २०१९ साली डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया ह्या पाच ठिकाणच्या वीस लाख मुलांच्या नोंदी एकत्र बघितल्या तेव्हा ऑटिझमच्या शक्यतेतला साधारण ८० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. लसीचंही सांगून टाकते, ज्या १९९८ च्या पेपरवरून लसीने ऑटिझम होतो हे खूळ निघालं तो १२ मुलांवरचा होता आणि छापणाऱ्या मासिकानेच २०१० साली तो मागे घेतला. गोवरची लस घ्या, चुकवू नका.

आता "आनुवंशिक" म्हटलं की सासरचे माहेरच्यांकडे आणि माहेरचे सासरच्यांकडे बघायला लागतात. तर ऐका, आनुवंशिक म्हणजे प्रत्येक वेळी कोणाकडून तरी आलेलं असं नसतं. बऱ्याच मुलांत जो मोठा बदल सापडतो तो आईतही नसतो, बापातही नसतो, त्या एका स्त्रीबीजात किंवा शुक्राणूत नव्याने झालेला असतो. डे नोव्हो म्हणतात त्याला. आमच्या घरी हे कोणालाच पटेना, पटलं ते माझ्या वडिलांना. त्यांची निफाडला द्राक्षबाग आहे. मी कागदावर रेघा मारून समजावत होते तर ते म्हणाले, "अगं म्हणजे सोनाकासारखं. थॉमसनच्याच वेलावर एक काडी निराळी निघाली, मणी लांब झाले, त्यात बागवाल्याने खत कमी घातलं का जास्त ह्याचा काय संबंध?" खरंच आहे, सोनाका ही जात तशीच थॉमसनच्या एका वेगळ्या निघालेल्या काडीतून सोलापूरकडे नान्नजला तयार झाली. त्या दिवसापासून आमच्या घरी दोषाचा विषय निघाला की अण्णा फक्त "काडी" एवढंच म्हणतात आणि विषय मिटतो. आइसलँडच्या २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं की वडिलांचं वय एकेक वर्षाने वाढतं तसे मुलात साधारण दोन नवे बदल जास्त येतात, म्हणजे हे सगळ्यांच्याच मुलांत होत असतं, तुमच्या-माझ्यासुद्धा अंगात असे काही डझन नवे बदल आहेत, बहुतेक निरुपद्रवी.

आणि एकच "ऑटिझमचा जीन" असं काही नाहीये. २०२० साली ३५ हजारांहून जास्त लोकांचे नमुने तपासून १०२ जीन्सची एक यादी निघाली, त्यानंतर ती वाढलीच आहे. ह्याशिवाय हजारो अगदी बारीक बारीक फरक असतात जे आपल्या सगळ्यांत असतात, एकेकाचा परिणाम नगण्य, सगळे एका मुलात जमले की तराजू कलतो. ह्या बारीक फरकांची टेस्ट आज दवाखान्यात उपयोगाची नाही, कोणी "ऑटिझम रिस्क स्कोअर" काढून देतो म्हणालं तर पैसे देऊ नका.

एवढं समजलं की कामाला लागा, आणि पहिलं काम फुकट आहे. कुटुंबाचं झाड काढा. एक मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, पुरुष चौकोन, बाई गोल, खाली मूल, वर तुम्ही दोघं, त्याच्या वर दोघांचे आईवडील, काका आत्या मामा मावश्या आणि त्यांची मुलं. प्रत्येकापुढे लिहा, उशिरा बोललं का, शाळेत मागे पडलं का, फिट्स येत होत्या का, किती गर्भपात झाले, लहानपणी कोणी गेलं का. नात्यात लग्न असेल, मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी, तर ते लपवू नका, आपल्याकडे हे सर्रास असतं आणि डॉक्टरांना त्याने टेस्ट निवडायला खूप मदत होते कारण काही आजार दोन्ही बाजूंनी तोच बिघडलेला जीन आला तरच होतात.

मी हे करायला गेले तेव्हा सासऱ्यांनी उत्साहाने पंचवटीतल्या आमच्या क्षेत्रोपाध्यांकडे, म्हणजे घराण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या तीर्थावरच्या गुरुजींकडे नेलं, रामकुंडाजवळ, त्यांच्या लांबट वहीत आमच्या घराण्याच्या सात पिढ्या निघाल्या, मोडीतल्या नोंदी आणि सह्यासुद्धा. बघून अंगावर काटा आला. पण त्यात सगळी सासरची बाजू, आणि मला हवी होती माहेरची, कारण फ्रॅजाइल एक्स नावाचा आनुवंशिक आजार. हा ऑटिझमशी जोडलेल्या एकाच जीनच्या कारणांमधला सगळ्यात जास्त आढळणारा, आणि तो एक्स क्रोमोसोमवर (जीन्स ज्यांच्यावर असतात ते धागे म्हणजे क्रोमोसोम) असल्यामुळे मुलग्यात येतो तो आईकडून. त्याच्या खुणा आईच्या माहेरात विखुरलेल्या असतात आणि कोणी त्या एकत्र जोडत नाही. मामा मतिमंद म्हणून घरीच राहिला, मावशीची पाळी चाळिशीच्या आतच गेली, आजोबांचे हात म्हातारपणी थरथरायचे आणि चालताना तोल जायचा, ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात पण एकाच जीनच्या असू शकतात. मी येवल्याच्या मावशीला फोन केला तेव्हा पाळीचं विचारायला मलाच अवघड वाटत होतं, ती मात्र तासभर बोलली, म्हणाली मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडे फ्रॅजाइल एक्स निघाला नाही, पण त्या फोनचं मोल आहेच. वही सासरची असू दे, फोन माहेरी लावा.

झाडासोबत आणखी काही गोष्टी घरीच बघून लिहून ठेवा. मुलाच्या डोक्याचा घेर, शिंप्याच्या टेपने, भुवयांच्या वरून आणि मागे सगळ्यात फुगीर भागावरून, आणि तुमचा दोघांचाही, कारण डोकं मोठं असणं कधी कधी नुसतं घराण्यातच असतं. अंगावर पांढरट पानाच्या आकाराचे डाग आहेत का ते उजेडात बघा. आधी येत असलेले शब्द किंवा हाताची कौशल्यं गेली का, विशेषतः मुलगी असेल आणि हात सारखे चोळत असेल तर हे आवर्जून सांगा, रेट सिंड्रोम तसा दिसतो आणि त्याचा एमईसीपी२ हा जीन १९९९ पासून माहीत आहे. जुने व्हिडिओ मोबाईलमधून डिलीट करू नका, पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

हे सगळं घेऊन मग डॉक्टर. आधी कानाची बेरा टेस्ट झाली नसेल तर ती करा, ती जेनेटिकच्या आधी. सिव्हिलला लहान मुलांच्या तपासणीचं सरकारी केंद्र आहे का, डीईआयसी म्हणतात त्याला, तिथे चौकशी करा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतं ते. नाशिकमधे पीडियाट्रिक न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे लहान मुलांचे मेंदूचे डॉक्टर, मिळतात, टेस्ट लिहूनही देतात आणि रक्त इथेच घेतात, पण जेनेटिक्सच्याच डॉक्टरांशी बोलायचं तर आम्ही मुंबईला केईएमला गेलो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचं, तिथून परळ जवळच. लेकाला कसारा घाटातल्या बोगद्यांची भीती, शिट्टी आणि अंधार एकदम, म्हणून इगतपुरी गेलं की आम्ही कानाला हेडफोन लावून त्याच्या हातात टॉर्च द्यायचो. तुमचंही मूल आवाजाला घाबरत असेल तर ही टॉर्चची युक्ती करून बघा.

आता टेस्टचा क्रम, जो आमचा चुकला. आम्ही थेट सगळ्यात महागडी केली, एक्झोम, तीही फक्त मुलाची, कारण लॅबचा माणूस म्हणाला हीच सगळ्यात मोठी, ह्यात सगळं येतं. सगळं येत नाही. पोथीचं उदाहरण घेते, शरीरातली सगळी जेनेटिक माहिती, म्हणजे जीनोम, ही एक पोथी समजा. क्रोमोसोमल मायक्रोॲरे ही टेस्ट बघते की पोथीतली पानंच्या पानं गळलीयेत का किंवा दोनदा शिवली गेलीयेत का, १६पी११.२ (१६ नंबरच्या क्रोमोसोमवरची एक जागा) मधला तुकडा गळणं किंवा १५ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्याचं दुप्पट होणं अशा गोष्टी ह्यात सापडतात. एक्झोम अक्षर न् अक्षर वाचते, पण पोथीचा जेमतेम एकदोन टक्के भाग, जिथे प्रोटीनच्या कृती लिहिलेल्या असतात, साधारण वीस हजार जीन्स. आणि फ्रॅजाइल एक्समधे एकच तीन अक्षरं, सीजीजी, सीजीजी, सीजीजी अशी पुन्हा पुन्हा छापली जातात, ४४ पर्यंत नॉर्मल, ५५ ते २०० म्हणजे वाहक, २०० च्या वर गेलं की जीन बंद पडतो, आणि हे ना मायक्रोॲरेत दिसतं ना नेहमीच्या एक्झोममधे. त्याची वेगळी टेस्ट असते, तिघींत सगळ्यात स्वस्त तीच. म्हणून विचारताना असं विचारा, फ्रॅजाइल एक्स आणि मायक्रोॲरे आधी करू का, का झाड बघून तुम्हाला थेट एक्झोम बरी वाटते? काही डॉक्टर आता एक्झोमनेच सुरुवात करतात, विशेषतः फिट्स असतील किंवा विकास खूप मागे असेल तर, तेही बरोबर आहे, मात्र एक्झोम केली तर आईवडिलांसकट तिघांची करा. ट्रायो म्हणतात. पैसे जास्त जातात पण का घालायचे ते रिपोर्टच्या भागात सांगते. दर प्रत्येक लॅबचा निराळा असतो, तीन ठिकाणी फोन करा आणि घासाघीस करा, आमचे बरेच कमी झाले.

अपेक्षा किती ठेवायची तेही सांगते. मायक्रोॲरेत शंभरातल्या साधारण दहा मुलांत कारण सापडतं. एक्झोमने त्यात भर पडते, पण सगळं करूनही बहुतेक मुलांत नेमकं नाव सापडत नाही. ही मनाची तयारी नवरा-बायको दोघांनी मिळून करा.

रक्त देण्याची तयारी. उपाशी राहायची गरज नाही, उलट पोटभर नाश्ता द्या. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधे दोन-तीन मिली रक्त घेतात. डॉक्टरांना विचारून बधिर करायचं क्रीम आणा, तासभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून वर प्लॅस्टिक चिकटवायचं. आम्ही चार दिवस आधी पाच फोटोंची गोष्ट केली, लॅबचा दरवाजा, खुर्ची, रबराचा पट्टा, ट्यूब, आणि शेवटी कॉलेज रोडवरचं आइस्क्रीम. रोज रात्री तीच गोष्ट. रबराच्या पट्ट्याचा फोटो आला की तो स्वतःचा दंड पुढे करायचा. लॅबमधे त्याने तसंच केलं आणि मी मात्र रडले.

सही करायचा फॉर्म घरी आणून वाचा. त्यात एक प्रश्न असतो की शोधताना दुसराच काही आजार दिसला, म्हणजे पुढे होऊ शकणारा कॅन्सर वगैरे, तर तुम्हाला सांगायचा का. हो किंवा नाही, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण विचार करून द्या. मुलाचा डेटा संशोधनाला वापरू का हेही असतं. मी हो म्हटलं, कारण पुढे सांगते.

रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. तो व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येऊन पडेल आणि तुम्ही रात्री गूगल कराल, मीही केलं. आमच्या रिपोर्टमधे एक जीन होता, पुढे व्हीयूएस. लॅबमधून कोणी समजावलं नाही. एका क्लिनिकने तो कागद बघून सांगितलं, "जीन सापडलाय, स्टेम सेल करून टाकू." लाखांचा आकडा होता. वाचलो ते मुंबईच्या डॉक्टरांमुळे. तर नीट वाचा, रिपोर्टमधे पाच पायऱ्या असतात, आजार करणारा, बहुतेक आजार करणारा, अर्थ माहीत नसलेला, बहुतेक निरुपद्रवी, निरुपद्रवी. मधला तो व्हीयूएस. त्याच्यावरून कोणतीही ट्रीटमेंट, गर्भपात, लग्न मोडणं, काहीही ठरवायचं नाही. आणि ऑटिझमसाठी स्टेम सेल थेरपीचा उपयोग सिद्ध झालेला नाही, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ साली तो करू नये असंच सांगितलंय.

आम्ही मग आमचं दोघांचं रक्त नंतर दिलं, वेगळे पैसे घालून, आणि कळलं की तोच बदल नवऱ्यात आहे. नवरा ठणठणीत, ऑफिस, ट्रेकिंग सगळं चालू. म्हणजे तो बदल कारण असण्याची शक्यता बरीच कमी झाली, शून्य नाही पण कमी. हे ट्रायो केली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं आणि माझे सहा महिने त्या तीन अक्षरांमागे गेले नसते.

आपल्याकडे व्हीयूएस जास्त निघण्याचं एक कारण म्हणजे तुलनेसाठी जे जगाचे डेटाबेस आहेत त्यात भारतीय माणसं कमी. एखादा बदल निफाडच्या शंभर धडधाकट माणसांत असेलही, पण त्यांचा जीनोम कोणी वाचलेलाच नसतो. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा संशोधकांना खुला झाला, त्याने हे हळूहळू सुधारेल. मी संशोधनाला हो म्हटलं ते ह्यासाठीच. तुम्ही स्वतः बघू शकाल अशा दोन फुकट जागा आहेत, क्लिनव्हार, जिथे त्या नेमक्या बदलाबद्दल जगातल्या लॅब काय म्हणतात ते दिसतं, आणि सायमन्स फाउंडेशनचा सफारी जीन, जिथे एखाद्या जीनचा ऑटिझमशी संबंध किती पक्का आहे त्याचा नंबर असतो, १ म्हणजे सगळ्यात पक्का. बघा, लिहून घ्या, आणि अर्थ डॉक्टरांना विचारा.

पुढच्या मुलाचं. एका मुलाला ऑटिझम असेल तर धाकट्या भावंडाला असण्याची शक्यता २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात साधारण २० टक्के निघाली. पण मोठ्यात नवाच झालेला बदल सापडला असेल तर शक्यता खूप खाली येते, आणि फ्रॅजाइल एक्सची आई वाहक असेल तर ती खूप वर जाते. म्हणून दिवस जाण्याच्या आधी जेनेटिक काउन्सेलिंग घ्या, नंतर धावपळ होते.

शेवटचं काम बहुतेक लोक करतच नाहीत. लॅबकडून रॉ डेटा, म्हणजे टेस्टमधे वाचलेली सगळी मूळ माहिती, मागून घ्या, हार्ड डिस्कवर ठेवा, आणि दीड-दोन वर्षांनी तोच डेटा पुन्हा तपासायला सांगा. नवीन रक्त लागत नाही. दरवर्षी नवे जीन सापडतात, त्यामुळे काल रिकामा आलेला रिपोर्ट उद्या भरू शकतो. लॅबला ईमेल करा, सॅम्पल नंबर टाका आणि "रीॲनालिसिस" हा शब्द वापरा, काही लॅब पहिल्यांदा फुकट करतात.

आमचा दुसऱ्यांदा तपासून आला गेल्या दिवाळीत. नवीन काही नाही. पुढच्या वेळचं मी कालनिर्णयवर लिहून ठेवलंय, लेकाच्या वाढदिवसाच्या चौकोनात, आणि त्याच्या शेजारी त्याने स्वतः पेनाने एक ट्यूब काढलीये, जांभळ्या झाकणाची.